डांबराखाली उतरलेली चाकं

ऊस तुटायला लागला की मला कुणी सांगावं लागत नाही. सकाळी खिडकी उघडली की मळीचा तो आंबूस-गोड वास घरात शिरतो आणि मी सुनेला हाक मारून सांगते, "पेटला गं कारखाना!" ती बिचारी नाकाला रुमाल लावते. मी मात्र छाती भरून घेते. सारा जन्म फिनेल हुंगण्यात गेलेल्या बाईला मळीचं काय एवढं?

परवा राहुल, माझा नातू, मला त्याच्या नव्या गाडीतून कोरेगावहून सांगलीला घेऊन निघाला होता. निम्म्या वाटेत उसाचे ट्रॅक्टर लागले. एकेकाला दोन-दोन ट्रॉल्या, ट्रॉलीच्या बाहेर हातभर आलेला ऊस, आणि स्पीकरवर कानठळ्या बसवणारी गाणी. कुठंतरी पुढं एक ट्रॉली कलंडली होती म्हणे. झालं, सगळंच थांबलं. आम्ही जागच्या जागी, मागं एसटी, आणि मधून मात्र मोटारसायकलवाले सुळकन निघून चाललेले. एकाच्या कोपरानं आमचा आरसा वाकडा झाला. राहुलनं काच खाली करून त्याच्या सात पिढ्या काढल्या.

"बघितलंस आजी? रांग म्हणून काही असते हे ठाऊकच नाही यांना. नुसते घुसे!"

"जाऊ दे रे," मी म्हटलं. "त्या घुश्यांतली एक मी पण होते."

"तू?"

"मी. आणि माझ्यासाठी पाच-सहाशे गाड्या बाजूला झाल्या होत्या. तुझ्या साहेबासाठी चार तरी होतील का, विचार जा त्याला."

तो हसला. म्हाताऱ्यांच्या बढाया म्हणून सोडून दिलं त्यानं. आरसा सरळ करून पुन्हा स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसला. मी मात्र तिथं नव्हतेच. ट्रॉलीतून ओघळून डांबरावर चिरडलेलं एक कांडं माझ्या खिडकीखाली पडलं होतं, आणि त्याच्या वासानं मला धरून साठच्या दशकात नेऊन सोडलं होतं.

मी मूळची कवठे महांकाळच्या बाजूची. आमच्याकडं हंगाम म्हणजे ज्वारी, मटकी, आणि तीही पावसाच्या मर्जीवर. नर्सचं शिक्षण संपवून कृष्णाकाठच्या एका आरोग्य केंद्रात हजर झाले तेव्हा मी तेवीस वर्षांची होते आणि एवढं हिरवं मी जन्मात पाहिलं नव्हतं. ऐन थंडीत, माणूस बुडेल एवढा उंच ऊस, मैलोगणती! पहिल्या आठवड्यात तर मी केंद्राच्या मागच्या बांधावर जाऊन नुसती बघत उभी राहायचे. पाती एकमेकींवर घासून सळसळ व्हायची आणि मला वाटायचं पाऊस आला. ओट्यावरचे कपडे काढायला मी दोनदा धावले आणि दोनदा फजिती झाली. आमची आया पोट धरून हसली. "बाई, तुमच्याकडं ऊस नसतोय व्हय?" म्हणाली. नसतोय गं बाई, आमच्याकडं विहिरीत पाणी नसतंय, उसाचं काय घेऊन बसलीस!

आणि गाड्या! तेव्हा ट्रॅक्टर कुठले आलेत. सगळा ऊस बैलगाडीनं जायचा. कारखान्याच्या फाटकापासून निघालेली गाड्यांची रांग आमच्या केंद्रापर्यंत, म्हणजे चांगली तीन मैल यायची. बैल उभ्या-उभ्या वाडं, म्हणजे उसाचा हिरवा शेंडा, चघळायचे. गाडीवान गाडीखालच्या सावलीत चुलीची तीन दगडं मांडून भाकरी थापायचे, पत्ते कुटायचे, एकमेकांच्या सोयरिकी जमवायचे. तासातून एकदा पुढून आरोळी यायची, "चलाऽऽ!" मग सगळी रांग दहा-वीस पावलं सरकायची, घुंगरं वाजायची, आणि पुन्हा सामसूम. एखाद्याचा नंबर दुसऱ्या दिवशी लागायचा. तोवर ऊस वाळायचा, बैल कावायचे, आणि बैलांपेक्षा माणसं जास्त.

म्हणून नंबर हा जिवापेक्षा मोठा. काही चलाख लोक गाडी हळूच डांबराखाली, साइडपट्टीवर उतरवायचे आणि पुढं जाऊन मध्येच शिरायचे. त्यावरून डोकी फुटायची. मग गाडीवानांनी आपसातच कायदा केला होता: ज्याचं चाक डांबराखाली उतरलं त्याचा नंबर गेला. कारण काही का असेना. बैल बुजला, समोरून मोटार आली, काही ऐकून घ्यायचं नाही. चाक उतरलं की गाडी मागं, पार शेपटाला. कोर्टातला निकाल फिरेल, पण हा नाही.

अशा रस्त्यावरून मला बाळंतपणं करायला जावं लागायचं. केंद्राकडची निम्मी गावं रांगेच्या पलीकडं. त्यात ऊसतोडीच्या टोळ्यांची खोपटं कारखान्याच्या मागच्या माळावर, आणि त्या खोपटांत दर हंगामाला पाच-सहा बायका पोटुशा असायच्याच. चालत जायचं म्हणजे बांधाबांधानं तास-सव्वा तास. मूल काही आपल्यासाठी थांबत नाही. तेव्हा माझ्या मदतीला आले तात्या.

तात्या म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. फौजेत डिस्पॅच रायडर होते, म्हणजे मोटारसायकलवरून इकडचे लखोटे तिकडं पोचवायचे. पेन्शनीत आले ते फौजेच्या लिलावातली एक जुनी मोटारसायकल घेऊनच. एकटा जीव. पुतणी परगावात एकटी राहते म्हणून माझ्याकडं राहायला आले आणि दुसऱ्याच दिवशी म्हणाले, "सुले, तुज्या पिशवीत काय हाय ते मला ठावं न्हाई. पर ती पिशवी कुठं न्यायची तेवढं सांग."

गावानं त्या गाडीला फटफटी म्हटलं, आणि ते बरोबरच होतं. ती सुरू झाली की झाडावरचे कावळे उठायचे. तात्या खाकी स्वेटर घालून, पट्टा तुटलेल्या गॉगलला सुतळी बांधून पुढं, आणि मी पांढऱ्या साडीत, औषधांची पिशवी पोटाशी धरून, एका बाजूला पाय सोडून मागं. बायका दारात येऊन बघायच्या. पहिले आठ दिवस मी लाजेनं खाली बघितलं, नवव्या दिवसापासून मान ताठ केली. आवडायचं मला! खोटं कशाला बोलू? केस उडायचे, गार वारा लागायचा, आणि आपण फार मोठं काम करायला निघालोय असं वाटायचं. निघालेलो होतोच.

तात्यांची एक रीत होती. कुणी वाट दिली की डावा हात वर करायचा. फौजेत ट्रकांची रांग थांबलेली असताना पुढं जाणाऱ्या रायडरनं प्रत्येक ट्रकवाल्याला असा हात करायचा असतो म्हणे. एसटीवाल्याला तात्या हात करायचे, मालट्रकवाल्याला करायचे, सायकलवाल्याला सुद्धा. बैलगाडीवाल्याला मात्र कधीच नाही. सरळ समोर बघून, इंजिन रेटून, हॉर्न वाजवत सुटायचे.

मला कारण माहीत होतं, म्हणून मी बोलत नव्हते. आमचे आजोबा, तात्यांचे वडील, समोरून पाटलाची गाडी आली की रस्त्यावरून खाली उतरायचे. पायातलं हातात घेऊन, बाभळीच्या काट्यांत उभे राहायचे, गाडीची धूळ बसेपर्यंत. तात्यांना कडेवर घेऊन सुद्धा उतरलेत. आम्ही छप्पन साली धम्म घेतला, मान वर केली, पण तात्यांच्या तळपायातला तो काटा निघालेला नव्हता. "मी फौजेत गोळ्या चाललेल्या असताना गाडीवरनं उतरलो न्हाई," म्हणायचे. "आता कुनासाठी उतरू?"

आणि मग व्हायचं ते झालं. पौषातली सकाळ होती. रांग तेव्हा एकेरी असायची, उजव्या अंगानं आम्हाला जायला जागा राहायची. तात्या नेहमीसारखे भरधाव निघाले. शेपटाला दादू आण्णांची गाडी होती. आण्णा साठीच्या घरातले, पांढऱ्या कल्ल्यांचे, सगळ्या रांगेचे पंच. फटफटीचा आवाज कानाशी फुटला तशी त्यांची बैलजोडी बुजली. उधळली, जू मोडलं, आणि उसानं भरलेली गाडी शेजारच्या पाटात आडवी झाली. सोन्या नावाच्या बैलाचं शिंग मुळापासून हललं. रक्त आलं.

"उतर आदी खाली!" आण्णा ओरडले. "बैल धर! दावं धर!"

मी उडी मारून धावले. तात्या गाडीवर बसूनच राहिले. दोन्ही पाय जमिनीला, हात हँडलला, तोंड दगडाचं. त्यांना त्या ओरडण्यात बैलाची काळजी ऐकूच गेली नाही. त्यांना ऐकू गेला तो चाळीस वर्षांपूर्वीचा बाभळीखालचा हुकूम. मी सोन्याचं शिंग धुऊन पट्टी बांधली, माणसांच्या बरोबरीनं पाटातला ऊस वर काढला, साडी मांडीपर्यंत चिखलात भरली. आण्णांची गाडी डांबराखाली गेली होती म्हणून त्यांचा नंबरही गेला. पंचाला कायदा वेगळा नसतो. पण शेपटालाच होते म्हणून तेवढं बरं, असं म्हणून आण्णाच कडवट हसले. तात्यांशी ते एक शब्द बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून रांग दुहेरी झाली. दोन-दोन गाड्या जोडीनं, डांबराच्या या काठापासून त्या काठापर्यंत. मांजर जाईल एवढी सुद्धा फट नाही. रिकाम्या गाड्या मागच्या पाणंदीनं परतायच्या, एसटी लांबच्या फाट्यानं वळायची. कुणी तोंडानं म्हटलं नाही, पण आमची वाट बंद झाली होती. पंधरा दिवस मी बांधाबांधानं चालले. तात्या दारात फटफटी पुसत बसायचे. मी एकदा म्हटलं, "आवं तात्या, एक शब्द बोलला असता तर?" तर म्हणाले, "रस्ता सरकारचा हाय. मी कुनाला वाट मागनार न्हाई." मला त्यांचा राग यायचा, आणि राग आल्याबद्दल स्वतःचा पण. कुणाचं चुकलं हे सांगता येत होतं. कुणाचं बरोबर, ते येत नव्हतं.

मग तो दिवस आला. दुपार कलली होती. टोळीतला एक माणूस धापा टाकत केंद्रात आला, अंगावर उसाची कुसळं, डोळे पांढरे झालेले. "बाई, बायको अडलीया. मुलाचा पाय आलाय भाईर. नुसता एक पाय."

पायाळू! पाय बाहेर आल्यावर तास-सव्वा तास चालत जाऊन मी काय करणार होते? हात चोळत बसायला? मी पिशवी उचलली आणि तात्यांकडं बघितलं. त्यांनी फटफटीला लाथ मारली.

रांगेच्या शेपटाला आलो. समोर दोन गाड्या, त्यांच्यापुढं दोन, अशा नजर पोचेल तिथवर. आणि उजव्या हाताच्या शेवटच्या गाडीवर कोण, तर दादू आण्णा. तात्यांनी हॉर्नवर हात नेला. मग काढून घेतला. इंजिन बंद केलं. एकदम एवढं शांत झालं की बैलांच्या रवंथाचा आवाज यायला लागला.

आणि तात्या उतरले. गाडी स्टँडला लावली, गॉगल कपाळावर केला, आणि चालत आण्णांच्या गाडीपाशी गेले. मी त्यांना गाडीवरून उतरून कुणाकडं जाताना तोवर पाहिलं नव्हतं.

"आण्णा," तात्या म्हणाले, "तवा माजं चुकलं. बैलं दिसल्यावर इंजिन बंद कराया पायजे हुतं." मग थोडं थांबून, "सोन्याचं शिंग कसं हाय?"

आण्णांनी सोन्याच्या पाठीवर हात टाकला. माझा जीव टांगणीला लागलेला, आणि या दोघांचं हे चाललेलं!

"शिंग बसलं," आण्णा म्हणाले. "फौजेत शिकीवलं न्हाई व्हय रं, जनावरापुढं इंजिन बंद करत्यात म्हून?"

"फौजेत बैलं नव्हती, आण्णा."

आण्णांच्या कल्ल्यांखाली काहीतरी हललं. मग ते माझ्याकडं वळले. "काय झालंया बाई?"

मी सांगितलं. खोपटातली बाई, परमुलखातली, पाय बाहेर आलाय. तिचं नाव मला ठाऊक नव्हतं. रांगेतल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. जोडीच्या गाडीवरचा तरणा गाडीवान म्हणाला, "आण्णा, वाट द्यायची म्हंजी चाक खाली घ्याया लागंल. पुढली समदी कालपास्नं हुबी हायती. नंबर जाईल त्येंचा."

"त्येंचा जाईल, आपला जाईल," आण्णा म्हणाले, "आनि समद्यांनीच चाक खाली घेतलं तर? मग कुनाचा जाईल रं गड्या?"

आण्णांनी कासरा ओढला, "हुऽर्र!" केलं, आणि त्यांच्या गाडीचं उजवं चाक कर्र करून डांबराखाली उतरलं. त्या पोरानं डोकं खाजवलं आणि आपलं डावं चाक दुसऱ्या बाजूला उतरवलं. दोन गाड्यांच्या मध्ये डांबराची एक काळी पट्टी उघडी पडली. फटफटीपुरती.

मग आण्णा गाडीच्या साठ्यावर, पुढच्या फळीवर, उभे राहिले आणि त्यांनी आरोळी ठोकली, "चाक खाली घ्याऽऽ! नर्सबाई येतीयाऽऽ! कुनाचा नंबर जात न्हाईऽऽ!" पुढच्यानं ती झेलली, त्याच्या पुढच्यानं झेलली. आरोळी पुढं पुढं जात लांब बारीक झाली, आणि तिच्या मागोमाग चाकं उतरायला लागली. डावीकडं डावी, उजवीकडं उजवी. कर्र, कर्र, कर्र. सगळी रांग मधोमध उकलत गेली. आजही डोळे मिटले की तो आवाज मला ऐकू येतो. असा नाद मी पुन्हा ऐकला नाही.

तात्या इंजिन सुरू करायला कचरत होते. तर गाडीवान आपापल्या बैलांपुढं जाऊन उभे राहिलेले. दोन्ही बैलांची तोंडं छातीशी धरलेली, आणि बैलांच्या कानांवर फेटे, घोंगडी, धोतराचे सोगे, हाताला येईल ते. "घाल फटफटी!" आण्णा म्हणाले. "आता काय बघतूयास?"

आम्ही निघालो. दोन्ही बाजूंना उसाच्या भिंती, बैलांचे मोठे पाणीदार डोळे, आणि माणसांचे चेहरे. "दमानं!" "बाई, सुटका करा तिची!" "पिशवी धरा नीट!" तात्यांचा डावा हात वर गेला. पहिल्या गाडीला वर गेला तो खालीच आला नाही. प्रत्येक गाडी यायची आणि ते मान लववायचे. मग मी पण हात वर केला. त्या हाताला गार वारा लागत होता, आणि मी रडत होते की हसत होते हे मला आजही सांगता येणार नाही.

पायाळू मूल ओढायचं नसतं. घाई केली की घात. आपसूक येऊ द्यायचं, उबदार कापडात धरायचं, आणि डोकं तेवढं वेळेवर, हळूच सोडवायचं. शिकलेलं सगळं त्या दिवशी माझ्या बोटांत उतरलं. मूल निळं पडलं होतं. पाठ चोळली, तोंड पुसलं, फुंकर घातली. आणि मग ते असं रडलं, असं रडलं की बाहेर बसलेल्या तात्यांनी खोपटाचा कूड बडवला. मुलगी! दोघी धडधाकट. अजून दहा मिनिटं उशीर झाला असता तर काय झालं असतं, ते मी त्या आईला कधी सांगितलं नाही.

परतताना ऊन उतरत होतं. वाट तशीच उघडी होती. ज्याचा-त्याचा नंबर जिथल्या तिथं. पहिल्या गाडीवाल्यानं विचारलं, "काय झालं बाई?" "मुलगी! दोघी खुशाल!" झालं, ती बातमी आमच्या आधी धावत सुटली. फटफटीनं तिला गाठता आलं नाही. शेपटापाशी आलो तर तो तरणा गाडीवान उड्या मारत होता, "बाई, जुळं झालं म्हनं!" मी खुलासा केला नाही. एवढ्या लोकांनी चाकं उतरवली, एखादं मूल जास्त झालं तर झालं.

त्या हंगामात पुढं रांग रोज तशीच लागली, मध्ये एक पट्टी सोडून. कुणी ठरवलं नाही, लिहिलं नाही. तात्या शेपटाला आले की इंजिन बंद करायचे, उतरायचे, "येऊ का रं?" म्हणायचे, आणि बैलांचे कान झाकले की मग निघायचे. त्यांचा हात इतका वेळ वर असायचा की मला त्यांच्या खांद्याला रोज तेल चोळावं लागायचं. तक्रार मात्र एका शब्दाची नाही.

"आजी, झोपलीस का?" राहुल विचारत होता. मागून पुन्हा एक मोटारसायकलवाला हॉर्न वाजवत आला होता. मागं कुणी बाई बसली होती, मांडीवर डबा की पिशवी, नीट दिसलं नाही.

"चाक खाली घे," मी म्हटलं.

"आजी, मी बाजूला घेतलं तर मागचे सगळे पुढं घुसतील."

"घे म्हणते ना! एकानं घेतल्याशिवाय दुसरा घेत नसतो."

त्यानं पुटपुटत डावी चाकं डांबराखाली घेतली. नवी कोरी गाडी धुळीत तिरकी झाली. मोटारसायकल शेजारून गेली, आणि जाता जाता त्या माणसानं डावा हात वर केला. राहुलनं समोर बघितलं, पुढच्या ट्रॅक्टरवाल्यानं पण चाक खाली घेतलं होतं. राहुलला ते आवडलं असावं, कारण पुटपुटणं थांबवून त्यानं गाडी तशीच राहू दिली.

मला एकच सांगायचं राहिलं होतं, ते मी त्याला तिथं सांगितलं. त्या संध्याकाळी शेपटाची शेवटची गाडी ओलांडल्यावर तात्यांनी फटफटी थांबवली होती. इंजिन बंद केलं, गॉगल काढला आणि मागं वळून ती रांग बघत राहिले, दोन्ही बाजूंना तिरक्या झालेल्या गाड्या, मध्ये ती उघडी वाट. डोळे गळत होते. मी काही विचारायच्या आतच म्हणाले, "धूळ लय हाय गं." मग गॉगल स्वेटरला पुसत, माझ्याकडं न बघता म्हणाले,

"सुले, माजा बा ह्या लोकांसाठी रस्त्यावरनं उतरायचा. आज बग, आख्खा रस्ता उतरलाय, कुनाच्या कोन न लागनाऱ्या बाईसाठी. बानं बगाया पायजे हुतं."